हरणांसाठी पेरलेले ओट्स आणि राय टिकत नाहीत? आधी हे तपासा

"बी टाकलं, पाऊसही झाला, पण प्लॉट भुंडाच." सप्टेंबर सरता सरता हा निरोप येतो आणि सोबत उघड्या मातीचा फोटो. पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर भागात ओळखीतल्या काही मराठी घरांनी डोंगराळ जंगलजमिनी घेतल्या आहेत. कुणी धनुष्य किंवा बंदूक घेऊन बसतं, कुणी कॅमेरा घेऊन, तर कुणाला शनिवारी सकाळी केबिनच्या खिडकीतून हरणं दिसली तरी पुरतं. झाडीतला एखादा तुकडा साफ करायचा, त्यात ओट्स, गहू किंवा राय (गव्हासारखंच थंडीचं धान्य) फोकायची आणि व्हाइटटेलची, म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची, वाट बघायची, हा सगळ्यांचा कार्यक्रम सारखाच. बिघाडही सारखाच असतो.

यावर पहिला उपाय सुचतो तो दुबार पेरणीचा. तीही फसली की पुढच्या वर्षी भल्यामोठ्या शिंगांच्या नराचं चित्र असलेली महागडी पिशवी येते. तेव्हा पैसे घालण्याआधी एवढंच ठरवा: पीक उगवलंच नाही, की उगवून खाल्लं गेलं? दोन्हीकडे शेवटी दिसते ती काळी मातीच, पण उपाय अगदी उलटे आहेत. छोट्या प्लॉटमध्ये बहुतेक वेळा दुसरी गोष्ट घडलेली असते आणि लोक पहिलीवर खर्च करत बसतात.

खालच्या तपासण्या फुकटातल्यापासून महागड्यांपर्यंत लावल्या आहेत. क्रम मोडू नका. तारखा उत्तर पेनसिल्व्हेनिया आणि लगतच्या न्यूयॉर्कच्या आहेत. व्हर्जिनिया किंवा टेक्सासात असाल तर तुमच्या काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला (विद्यापीठाच्या शेती सल्ला केंद्राला) विचारा.

लक्षणं

- पेरून दोन आठवडे झाले, मधे चांगला पाऊसही झाला, तरी हिरवं काहीच नाही.
- उगवण विरळ आहे. एटीव्हीच्या (रानात फिरवायच्या छोट्या चारचाकीच्या) चाकोरीत दाट, बाकी टक्कल.
- तीन-चार इंच वाढलं आणि आठवड्याभरात जमिनीलगत गेलं.
- उभं आहे, पण पिवळं पडलंय किंवा पानांवर जांभळट झाक आहे, वाढ खुंटलीय.
- ऑक्टोबरभर झकास होतं, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतर सगळं तपकिरी होऊन आडवं पडलं.
- पीक घोट्यापर्यंत हिरवंगार, आणि त्यात एकही पाऊलखूण नाही.
- मे महिन्यात राय छातीएवढी झाली, हरणं फिरकत नाहीत.

यातली दोन आत्ताच निकालात काढू. थँक्सगिव्हिंगनंतर झोपलेलं पीक ओट्सचं असतं. पारा २० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण उणे ७ सेल्सिअसच्या खाली काही रात्री उतरला की ओट्स मरतात. हा बिघाड नाही, त्यांचा स्वभाव आहे. राय तीच थंडी सोसते, बर्फाखाली वाढ थांबवून बसते आणि मार्चमध्ये जंगलात दुसरं काही हिरवं नसताना फुटते. म्हणून इथे दोन्ही मिसळून पेरतात: ओट्स गोड म्हणून आधी संपतात, राय मागे उरते. गहू चवीला रायपेक्षा बरा, थंडीला ओट्सपेक्षा काटक.

मेमधली उंच राय हीसुद्धा बिघाडात मोडत नाही. लोंबी धरायला लागली की तिचा दांडा चिवट होतो आणि हरणं कोवळ्या रानपाल्याकडे वळतात. तेव्हा कापायची घाई करू नका. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला माद्या वितात आणि पाडसं अशाच उंच गवतात निपचित पडून राहतात. कापणी जूनच्या अखेरीपर्यंत लांबवली तर काही बिघडत नाही.

१. तारेचा पिंजरा

सगळ्यात आधी हेच करा, जमलं तर पेरणीच्याच दिवशी. चार फूट उंचीची जाळी दहा फूट लांब कापा, तिचा गोल करून टोकं तारेने बांधा आणि दोन सळयांनी प्लॉटच्या मधोमध ठोका. सव्वातीन फूट व्यासाचा पिंजरा होतो. ससे फार असतील तर तळाशी कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी गुंडाळा. आतली माती, बी, खत, पाऊस सगळं बाहेरच्यासारखंच, फरक फक्त हरणाच्या तोंडाचा. त्यामुळे निकाल वादातीत असतो.

आत हिरवं आणि बाहेर भुंडं दिसलं तर पीक उगवलं होतं, ते खाल्लं गेलं. दुसऱ्या पायरीने कुणी खाल्लं ते बघा आणि हरीण असेल तर मधल्या सगळ्या पायऱ्या सोडून थेट नवव्या पायरीवर जा. आत-बाहेर दोन्हीकडे भुंडं असेल तर दोष बी, माती किंवा हवामानाचा; पुढे वाचत राहा. आणि आत-बाहेर सारखंच हिरवं असेल, तर शेती तुम्हाला जमली आहे, अडचण हरणांची आहे. त्यावर शेवटी लिहिलं आहे.

पेरणीच्या दिवशी पिंजरा लावला नसेल तर आज लावा. राय आणि गव्हाचा वाढीचा कोंब शरद ऋतूत जमिनीलगत किंवा जमिनीखालीच असतो, त्यामुळे वरचं पान खाल्लं तरी रोप मरत नाही. दहा-बारा दिवसांत पिंजऱ्यातलं पीक वर येतं आणि बाहेरचं तिथेच राहतं.

२. पानाची कड

गुडघ्यावर बसा आणि खाल्लेलं एक पान बोटांत धरून उजेडात बघा. हरणाला गाई-शेळीप्रमाणेच वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते पान खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांच्यात धरतं आणि ओढतं. त्यामुळे कड फाटलेली, धागे लोंबणारी दिसते आणि एखादं रोप मुळासकट उपटून बाजूला पडलेलं असतं. ससा आणि ग्राउंडहॉग (खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी) यांचा काप मात्र कात्रीने मारल्यासारखा, स्वच्छ आणि तिरका. ग्राउंडहॉग असेल तर नुकसान प्लॉटच्या एका कडेकडून आत सरकत जातं, आणि त्या कडेला थोडं शोधलं की बीळ सापडतंच.

पान कुरतडून चिंध्या झालेलं आणि त्यावर वाळलेली चकचकीत रेघ असेल तर गोगलगायी, म्हणजे शंख नसलेल्या. न नांगरता पालापाचोळ्यात पेरलं की ओल्या शरदात त्यांची चंगळ होते. संध्याकाळी एक ओली फळी जमिनीवर ठेवा, सकाळी उलटून बघा. पानावर आधी पारदर्शक खिडक्या आणि मग नुसती शीर उरली असेल तर अळी शोधा. इथली फॉल आर्मीवर्म म्हणजे तीच अमेरिकन लष्करी अळी, जी २०१८ साली भारतात आली आणि आपल्याकडच्या मक्यावर तुटून पडली. ती मूळची इकडचीच. दरवर्षी उत्तरेकडे एवढ्या संख्येने येत नाही, पण २०२१ मध्ये मध्य आणि पूर्व अमेरिकेत तिने लोकांची हिरवळ रातोरात साफ केली होती. थंडी पडली की ती मरते. त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीस सापडली तर फवारणीपेक्षा त्या जागी पुन्हा राय फोकणं स्वस्त पडतं.

ही दोन मिनिटांची तपासणी महत्त्वाची अशासाठी, की हरणांवरचा उपाय ग्राउंडहॉगवर चालत नाही आणि अळीवर तर दोन्ही चालत नाहीत.

३. बी शोधा

पिंजऱ्यातही काही उगवलं नसेल तर पेरलेलं बी कुठे गेलं ते बघा. हाताने वीतभर जागेतलं गवत, पाचोळा, मातीचा वरचा इंचभर थर हलवा. तीनपैकी एक काहीतरी सापडतं.

बी वाळलेल्या गवतावर अडकून बसलंय, मातीला टेकलेलंच नाही. हे सगळ्यात जास्त दिसतं. कधी त्याला पांढरं मूळ फुटून वाळलेलंही असतं. चाकोरीत दाट आणि बाकी विरळ उगवण याच कारणाने होते: चाकाने दाबलं तिथे बी मातीत बसलं. उपाय आपला जुनाच, पेरल्यावर फळी मारायची. लोक साखळीच्या कुंपणाचा तुकडा एटीव्हीमागे ओढतात किंवा नुसती चाकं फिरवतात. रायला इंच-दीड इंच खोली आवडते. सोबत क्लोव्हर (बारीक बियांचा, शेंगवर्गीय चारा) असेल तर तो पाव इंचाखाली जाता कामा नये. म्हणून आधी राय टाकून ओढा, मग क्लोव्हर फोकून नुसता दाबा.

दुसरी शक्यता, नुसती फोलपटं सापडतात. ती उंदरांची किंवा टर्कींची करामत. पावसाच्या आदल्या दिवशी पेरलं तर बी उघडं पडून राहण्याचा काळ कमी होतो.

तिसरी, बी शाबूत आहे पण मऊ, कुजकं किंवा जसंच्या तसं कोरडं. मग उरलेल्या पोत्यातल्या शंभर दाण्यांची उगवण चाचणी घ्या. ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि घरात आठवडाभर ठेवा. ऐंशीच्या खाली उगवले तर बी जुनं आहे. साठच्या खाली असतील तर ते पोतं विसरा. फीड स्टोअरमधून स्वस्तात आणलेले ओट्स असतील तर ते घोड्यांना घालायचे चेपलेले ओट्स नाहीत ना, ते बघा. चेपलेला दाणा कधीच उगवत नाही, आणि हे पोतं घेऊन येणारे दरवर्षी भेटतात. पिशवीवर रायग्रास लिहिलेलं नाही ना, तेही पाहा. ते वेगळं गवत आहे आणि एकदा शिरलं की पुढे तण होऊन छळतं.

४. प्लॉट खरोखर मोजा

"अर्धा एकर आहे" असं सांगितलेला प्लॉट मोजला की हटकून लहान निघतो. झाडांनी वेढलेली मोकळी जागा डोळ्यांना मोठी वाटते. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, हे आकडे डोक्यात बसत नसतील तर गुंठ्यात मोजा: ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. इथले बहुतेक 'छोटे प्लॉट' पाच ते दहा गुंठ्यांचे असतात.

मोजणं गरजेचं, कारण बी आणि खत दोन्ही त्यावरच ठरतं. दहा गुंठ्यांना नुसती राय फोकायची असेल तर २५ ते ३० पौंड पुरते. ओट्ससोबत असेल तर दोन्ही पंधरा-पंधरा पौंड आणि वर दोनेक पौंड क्लोव्हर. पन्नास पौंडांचं सगळं पोतं एवढ्या जागेत ओतलं तर रोपं एकमेकांना खातात, क्लोव्हर तर गुदमरूनच जातो.

५. तारीख

आपल्याकडे सोलापूर भागात रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे, हस्ताच्या भरवशावर पेरतात. इथली तारीख जवळपास तीच पडते, पण घड्याळ वेगळं आहे. तिकडे जमिनीतल्या ओलीला शेवट असतो, इकडे ऊबेला. ओट्सना जीवघेण्या थंडीआधी सहा-आठ आठवडे मिळाले पाहिजेत, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. राय ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. जमीन ३४ अंश फॅरनहाइटवर असतानाही तिचं बी फुटतं. सप्टेंबरच्या सुरुवातीचा लेबर डेचा वीकेंड हुकला असेल तर ओट्सवर पैसे घालवू नका, सगळी राय टाका. जुलैत पेरून लवकर मोकळं व्हायचा मोहही नको. उन्हात ओट्स दांड्यावर येतात आणि ऑक्टोबरात चवीचं काही उरत नाही.

६. ऊन आणि पाला

एका मोकळ्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार वाजता प्लॉटचे फोटो काढा. थेट ऊन चार तासांहून कमी मिळत असेल तर रोप उंच, फिकट आणि लोळणारं होतं. खत घालून ते सुधारत नाही. दुसरा त्रास पानगळीचा. ऑक्टोबरात मेपल आणि ओकची ओली पानं रोपांवर बसली की खालचं पीक आठवड्यात पिवळं पडतं. लीफ ब्लोअरने एकदा झाडून काढा, बस. कडेची झाडं पाडून ऊन वाढवायचा विचार असेल तर शेवटचा भाग आधी वाचा.

७. मातीचा सामू (पीएच)

पिवळी-जांभळी, खुंटलेली रोपं असतील तर इथे थोडा वेळ काढा, कारण आपल्या लोकांची सवय इथेच आड येते. मराठवाड्यात किंवा विदर्भात शेती बघून मोठं झालेल्या माणसाला जमिनीत चुना घालायचा म्हटलं की पटत नाही. काळी जमीन मुळातच विम्ल, सामू साडेसात-आठ, चुनखडीचे खडे नांगराला लागतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्यांना हे लवकर समजतं, जांभ्याची माती आंबट असते. इथल्या डोंगरातली जंगलमाती त्याहून आंबट निघू शकते. सामू पाच किंवा त्याखाली असला तर नवल नाही.

अशा मातीत तुम्ही घातलेलं स्फुरद (फॉस्फरस) बांधलं जातं आणि मुळांपर्यंत पोहोचत नाही, शिवाय विरघळलेलं ॲल्युमिनियम मुळांची टोकं मारतं. राय पाचच्या सामूवरही कशीबशी तग धरते, म्हणून ती इथे एवढी लोकप्रिय. ओट्स कुरकुरतात. क्लोव्हरला सहाच्या वर सामू लागतो, नाहीतर तो उगवून बारीक होत होत नाहीसा होतो.

दुकानातल्या रंगपट्टीवर विसंबू नका. पेन स्टेट विद्यापीठाच्या माती प्रयोगशाळेचं किट काउंटी एक्स्टेन्शन ऑफिसात मिळतं, खर्च एका साध्या जेवणाइतका. प्लॉटमधल्या दहा-बारा ठिकाणची, वीतभर खोलीपर्यंतची माती प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा, त्यातली वाळवून पाठवा. अहवालात एकरी किती चुना लागेल ते थेट लिहून येतं. समजा एकरी दोन टन आलं, तर दहा गुंठ्यांना हजार पौंड, म्हणजे चाळीस पौंडांच्या पंचवीस पिशव्या. ऐकून दचकतात लोक, पण पाच पिशव्या टाकून काही होत नाही. चुन्याला काम करायला महिने लागतात, म्हणून तो आदल्या शरदात किंवा वसंतात टाकून मातीत मिसळायचा.

खताचं त्यानंतर बघा. सामू ठीक असेल आणि तरी खालची पानं पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता. दहा गुंठ्यांना १९-१९-१९ ची पन्नास पौंडांची एक पिशवी बेताची आहे. गावी ठिबकमधून सोडतात ते १९:१९:१९ आठवेल, पण ते पाण्यात विरघळणारं. इथे फेकायचं दाणेदार मिळतं. जांभळी झाक मात्र नुसत्या थंडीनेही येते. चार उबदार दिवसांनी गेली तर विसरून जा.

८. माती दडपलेली किंवा विषारी

जंगलात आयती मोकळी जागा मिळाली की आनंद होतो, पण ती मोकळी का, हे विचारा. पुष्कळदा ती लॉग लँडिंग असते: कधीकाळी लाकूडतोड झाली तेव्हा ओंडके ओढून आणून ट्रकवर चढवायची जागा. वरची काळी माती खरवडलेली, खालची अवजड यंत्रांनी ठोकलेली. ओल असताना एक जाड तार किंवा लांब स्क्रू ड्रायव्हर जमिनीत दाबून बघा. दोन-तीन इंचांवर अडला आणि तो दगड नसेल, तर मुळंही तिथेच अडतात. पाऊस झाला की अशा ठिकाणी पाणी साचतं आणि चार दिवसांत भेगा पडतात. पहिली दोन वर्षं क्लोव्हरचा नाद सोडून राय आणि मुळा पेरा आणि कापलेलं तिथेच कुजू द्या. घाई असेल तर शेजारच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर लावून फाळ खोल घालायला सांगा. तासाचे पैसे घेईल, पण तुमच्या एटीव्हीमागच्या खेळण्यातल्या डिस्कने हे व्हायचं नाही.

तणनाशकाचा संशय असेल तर चाचणी सोपी. एका डब्यात प्लॉटची माती, दुसऱ्यात पलीकडची, दोन्हीत तेच ओट्स. दोन-तीन आठवड्यांत प्लॉटच्या डब्यातलीच रोपं पांढरी किंवा वाकडी झाली तर जमिनीत औषध उरलंय. ग्लायफोसेट मातीत पडल्यावर पुढच्या पेरणीला फारसं आड येत नाही. त्रास देतं ते मक्याला मारलेलं ॲट्राझिन, किंवा ड्राइव्हवेसाठी आणलेलं 'वर्षभर काही उगवणार नाही' असं छापलेलं औषध. छापील शब्दाला तिथे जागतात. वाट पाहण्यावाचून उपाय नाही. लेबलवर पुढचं पीक किती महिन्यांनी घ्यायचं ते दिलेलं असतं.

९. हरणांचा दाब

पिंजऱ्यात घोट्याएवढं आणि बाहेर काहीच नाही, ही गत असेल तर गणित मांडा. एक हरीण दिवसाला तीन-चार किलो ओला पाला सहज खातं. रात्री आठ-दहा हरणांचा कळप येत असेल तर पाच गुंठ्यांतली कोवळी राय किती दिवस पुरणार? बियाण्याचा ब्रँड बदलून यात फरक पडत नाही.

आधी आजूबाजूचं जंगल बघा. जमिनीपासून चार-पाच फुटांपर्यंत कोवळी फांदीच नाही, खाली फक्त फर्न, बीच आणि पट्टेरी मेपल माजलेत, ओकचं एकही रोप गुडघ्याच्या वर गेलेलं नाही, असं असेल तर सगळं रान उपाशी आहे आणि तुमचा प्लॉट त्यातलं एकच ताट.

परवडणारा उपाय म्हणजे पहिले सहा आठवडे राखण. सौरऊर्जेवरचं विजेचं कुंपण लावा: बाहेर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक तार, तिच्या तीन फूट आत दोन तारा, एक खाली एक वर. हरणाला उंच उडी जमते, पण उंची आणि रुंदी एकदम जोखताना ते बिचकतं. तारेला ॲल्युमिनियमच्या कागदाचे तुकडे गुंडाळून पीनट बटर लावा. नाकाला एकदा झटका बसला की ते हरीण तारेपासून लांब राहतं. कुंपण पेरणीच्या दिवसापासून चालू हवं. हरणांना चव लागल्यावर लावलं तर तोडून आत शिरतात. कुंपणावर इशाऱ्याची पाटी लावा. पीक बळकट झालं की एक बाजू उघडायची.

कुंपण नको असेल तर जागा वाढवा, किंवा सप्टेंबरच्या शेवटी पावसाआधी विरळ जागी आणखी राय फोकून नांग्या भरा. तिसरा मार्ग हरणं कमी करण्याचा. पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनचा डीएमएपी कार्यक्रम जमीनमालकांना त्यांच्या जमिनीपुरते मादी हरणांचे जादा परवाने मिळवून देतो. मनाला पटणं न पटणं ज्याचं त्याचं, पण रान वाचवायचं असेल तर हाच मार्ग मुळाशी जातो.

पीक छान आहे, हरणं नाहीत

सप्टेंबर-ऑक्टोबरात असं झालं तर जवळच्या ओकखाली जा. पांढऱ्या ओकचे एकॉर्न (ओकची कडक फळं) पडत असतील तर हरणांना तुमच्या रायची गरज नाही. ज्या वर्षी एकॉर्नचा बहर मोठा, त्या वर्षी प्लॉट नोव्हेंबरपर्यंत ओस राहतात आणि नंतर एकाएकी भरतात. काही करायचं नाही.

कॅमेऱ्यात हरणं फक्त रात्री एक ते चारमध्ये दिसत असतील तर कारण बहुधा आपणच असतो. प्लॉटमधून चालत जाणं, दर रविवारी कॅमेऱ्याचं कार्ड काढायला जाणं, वाऱ्याच्या दिशेला बसणं. प्लॉट रस्त्यावरून किंवा केबिनमधून उघडा दिसत असेल तर दिवसाउजेडी ती बाहेर पडत नाहीत. त्यासाठी जूनच्या सुरुवातीला कडेने उंच धान्याची पट्टी पेरतात. इथे 'इजिप्शियन व्हीट' नावाने जे बी विकतात ते गव्हाचं नसून ज्वारीच्या कुळातलं आहे. दहा फुटांपर्यंत वाढतं आणि कडब्याचा आडोसा कसा असतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हरणं येत नाहीत म्हणून प्लॉटमध्ये मक्याचं पोतं ओतू नका. पेरलेलं पीक चालतं, ओतलेले दाणे म्हणजे आमिष. त्यावर शिकार करणं पेनसिल्व्हेनियात सर्वसाधारणपणे बेकायदा आहे. सीडब्ल्यूडी हा हरणांचा जीवघेणा रोग राज्यात २०१२ मध्ये सापडला. त्याच्या नियंत्रणासाठी ठरवलेल्या क्षेत्रांत हरणांना खायला घालायलाच बंदी आहे. होले (डव्ह) किंवा बदकं मारणार असाल तर आणखी जपा: न तयार केलेल्या जमिनीवर वरवर भिरकावलेलं बीसुद्धा केंद्रीय नियमात आमिष ठरू शकतं.

इथे हात थांबवा

झाडं पाडायची असतील तर आधी डीसीएनआरच्या (राज्याच्या वनखात्याच्या) काउंटी फॉरेस्टरला बोलवा. कोणतं झाड ठेवायचं ते तो दाखवतो. नेमका एकॉर्न देणारा ओक लोक उन्हासाठी पाडतात. पाडायचं काम चेनसॉचं रीतसर शिक्षण नसेल तर स्वतः करू नका, वाकलेलं किंवा अर्धवट अडकलेलं झाड तर मुळीच नाही.

प्लॉट बारमाही ओला असेल आणि चर खणून पाणी काढायचं मनात असेल तर थांबा. पाणथळ जागेला परवाना लागतो, दंड जमिनीच्या किमतीला भिडतो. कुठेही खोल खणण्याआधी ८११ वर फोन करून जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइन खुणावून घ्या. हे फुकट आहे.

उतारावर फवाऱ्याची भरलेली टाकी घेऊन एटीव्ही चालवू नका. पाणी हिंदकळतं, गाडी उलटते. तिथे परवानाधारक फवारणीवाला बोलवा. एकरी तीन-चार टन चुना निघाला तर पिशव्या वाहत बसण्यापेक्षा स्प्रेडर असलेला ठेकेदार स्वस्त पडतो, फक्त त्याचा ट्रक आत येईल एवढा रस्ता आहे का ते आधी सांगा.

चुना, तारीख, बी, कुंपण सगळं नीट असून दोन हंगाम पिंजऱ्यातही पीक येत नसेल तर तिसऱ्यांदा पेरू नका. मातीचा अहवाल, पिंजऱ्याचे फोटो आणि आधी काय फवारलं त्याची यादी घेऊन एक्स्टेन्शन ऑफिसात जा. ही तीन कागदं नसतील तर तेही तुम्हाला याच यादीच्या पहिल्या पायरीवर परत पाठवतील. आणि प्लॉटमध्ये हाडांचा सापळा झालेलं, लाळ गाळणारं, माणसाला न घाबरणारं हरीण दिसलं तर जवळ जाऊ नका, हात लावू नका, मारूही नका. जागा नोंदवा आणि गेम कमिशनला फोन करा.